औषधहानी : कायदेशीर उपाय (भारत)

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील सदोष औषधाने इजा झालेल्या रुग्णास किंवा मृताच्या वारसांस उपलब्ध असलेले दाद मागण्याचे मार्ग. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० यात शिक्षेची तरतूद आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने उत्पादन दायित्वाची भर घातली (पहा : ग्राहक संरक्षण). सदोष निर्मिती, सदोष रचना किंवा अपुऱ्या सूचना यांबद्दल उत्पादकाकडून भरपाई मागता येते; मुदत सामान्यतः २ वर्षे. मात्र तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरावयाच्या औषधाचे धोके उत्पादकाने त्या तज्ज्ञास वाजवी रीतीने कळवले असल्यास, इशारा न दिल्याचा दोष त्याच्यावर येत नाही. १९४० च्या अधिनियमानुसार खरेदीदारास शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून औषध तपासून घेता येते. त्याच अधिनियमाखाली भेसळयुक्त किंवा बनावट औषधाने मृत्यू ओढवल्यास किमान १० वर्षे कारावास होतो आणि दंडाची रक्कम मृताच्या नातेवाईकांस मिळते (पहा : वैद्यकीय निष्काळजीपणा).