कामिया, मिएको

कामिया, मिएको : (१२ जानेवारी १९१४ – २२ ऑक्टोबर १९७९). जपानी मनोविकारतज्ज्ञ, लेखिका व अनुवादक. जगायचे कशासाठी, हा प्रश्न ज्यांच्यापुढे अत्यंत कठोरपणे उभा होता, त्या कुष्ठरुग्णांमध्ये वर्षानुवर्षे काम करून त्यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. त्यातून सिद्ध झालेला ‘इकिगाई नि त्सुइते’ (इकिगाईविषयी) हा ग्रंथ मिसुझु शोबो या प्रकाशनसंस्थेने १९६६ मध्ये काढला. ज्याच्यामुळे जगावेसे वाटते ते इकिगाई. हा शब्द आता मराठी वाचकाच्याही ओळखीचा झाला आहे. परंतु ज्या बेटावर त्याचा सखोल विचार झाला ते बेट आणि तो करणारी ही विदुषी यांची ओळख आपल्याकडे फारशी झालेली नाही.

मिएको यांचा जन्म ओकायामा येथे झाला. माहेरचे आडनाव माएदा. वडील तामोन माएदा हे सनदी अधिकारी. पुढे १९४५ मध्ये ते शिक्षणमंत्री झाले. जिनिव्हातील आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत त्यांची नेमणूक झाल्यामुळे मिएकोंचे बालपणीचे काही शिक्षण तेथे फ्रेंचमधून झाले आणि फ्रेंच ही त्यांची जन्मभराची वाचनाची भाषा बनली. १९३३ मध्ये तोक्योजवळच्या तामा झेन्शोएन या कुष्ठालयात त्यांचे मामा धर्मप्रवचनासाठी गेले, तेव्हा ऑर्गन वाजवण्यासाठी त्या सोबत गेल्या. त्या वेळी त्या १९ वर्षांच्या होत्या. तेथील रुग्णांना पाहून आपण डॉक्टर व्हायचे आणि यांच्यासाठी काम करायचे, असे त्यांच्या मनाने घेतले. घरच्यांनी मात्र ठाम विरोध केला.

पुढची काही वर्षे आजाराची व शोकाची होती. ज्याच्यासोबत आयुष्य काढण्याची आशा होती तो तरुण क्षयाने गेला. पाठोपाठ त्यांनाही क्षय झाला. विश्रांतीसाठी एकांतात राहावे लागले तेव्हा त्यांनी अभिजात ग्रीक शिकून रोमन सम्राट मार्कस ऑरीलियसचे ‘आत्मचिंतन’ मुळातून वाचले. त्याचा त्यांनी केलेला जपानी अनुवाद १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही वाचला जातो. क्षयातून उठल्यावर त्या अमेरिकेत शिकायला गेल्या. तेथे असताना वडिलांनी अखेर वैद्यकीय शिक्षणाला संमती दिली. १९४० मध्ये परत येऊन त्यांनी तोक्योच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात पुढील शिक्षण घेतले व १९४४ मध्ये ते पूर्ण केले. मनोविकारशास्त्र हा विषय त्यांनी पुढे तोक्योच्या विद्यापीठात घेतला. १९४६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ नोबुरो कामिया यांच्याशी विवाह झाला. दोन मुलगे, घर, महाविद्यालयात शिकवणे, अनुवादाची कामे यांत दहा वर्षे गेली. १९५५ मध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे निदान झाले. रेडियमच्या उपचारांनी तो बरा झाला; पण हाताशी असलेला वेळ बेताचा आहे, हे त्यांना कळून चुकले. लांबलेले काम आता पुढे ढकलायचे नाही, असे त्यांनी ठरवले.

नागाशिमा आइसेइएन : कामियांनी ज्या संस्थेत काम केले ती ओकायामा प्रांतातील नागाशिमा या बेटावर आहे. १९३० मध्ये सुरू झालेले हे जपानचे पहिले राष्ट्रीय कुष्ठालय. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधली सामुद्रधुनी हाक ऐकू जावी इतकी अरुंद. तरीही १९८८ पर्यंत त्यावर पूल नव्हता. रुग्ण बोटीने उतरे. धक्क्यावरून त्याला नोंदणीच्या इमारतीत नेत, जंतुनाशक घातलेल्या हौदात आंघोळ घालत, जवळचे पैसे काढून घेत आणि त्याऐवजी फक्त बेटावर चालणारे चलन हातात ठेवत. बऱ्याच जणांनी तेथे खरे नाव टाकून दुसरे नाव घेतले, कारण गावी राहिलेल्या भावंडांची लग्ने मोडू नयेत. रुग्णांना आपसांत लग्न करता येई. मात्र पुरुषाची नसबंदी ही त्याची अट असे. मेल्यानंतर अस्थी नेण्यासही कोणी येत नसे, म्हणून त्या बेटावरच ठेवल्या जात.

मराठी वाचकाला येथे आनंदवन आठवणे साहजिक आहे. बाबा आमटे यांचाही जन्म १९१४ चा. वरोऱ्याजवळ त्यांनी उभारलेल्या वसाहतीत रुग्णांनी शेती केली, उद्योग चालवले, संसार मांडले. नागाशिमात कायदा उलट दिशेने चालत होता. प्रोमीन हे औषध युद्धानंतर जपानमध्ये पोहोचले आणि रोग बरा होऊ लागला; तरी १९५३ च्या नव्या कायद्याने सक्तीचे विलगीकरण कायम ठेवले. कामिया तेथे पोहोचल्या तेव्हा औषध होते, पण परतण्याची वाट नव्हती.

पाहणी : १९५७ मध्ये कामियांनी आइसेइएनमधील रुग्णांची मानसशास्त्रीय पाहणी सुरू केली. अर्धी वाक्ये देऊन ती पूर्ण करायला सांगणे, हे त्यातले एक साधन होते. उत्तरे वाचून त्यांना धक्का बसला. ज्यांचा रोग सौम्य होता, हातपाय धड होते, अशा अनेक पुरुषांनी आपल्या आयुष्याला अर्थ नाही, पुढे काही घडण्यासारखे नाही, असे लिहिले होते. उलट काही जण दृष्टी गेलेली, बोटे झडलेली असूनही भरभरून जगत होते. बेट एक, कायदा एक, जेवण एक. मग हा फरक कोठून आला? कामियांच्या ग्रंथाचा उगम या प्रश्नात आहे. त्यांच्या सर्व लेखनात हा क्षण निर्णायक मानावा लागतो, कारण सौम्य रोगी अधिक सुखी असणार, ही सर्वांची अपेक्षा त्याने उलटवली. कुष्ठरुग्णांच्या मानसिक स्थितीवरील त्यांच्या प्रबंधाला १९६० मध्ये ओसाका विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली.

भरभरून जगणारे म्हणजे कोण, हे नागाशिमाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. रोगाने बोटांची संवेदना जाते, त्यामुळे अंधत्व आलेल्या रुग्णाला ब्रेल लिपीही बोटांनी वाचता येत नाही. असे काही जण ओठांनी आणि जिभेने ब्रेल वाचायला शिकले. शिकताना जीभ सोलवटे, रक्ताने कागद भिजे. तरी ते शिकत. अंध रुग्णांनी १९५३ मध्ये ‘आओई तोरी’ (निळा पक्षी) नावाचा हार्मोनिकांचा वाद्यवृंद उभा केला. माऊथ ऑर्गन हे वाद्य अशा हातांना पेलते. त्याआधी आकाशी काइजिन या कवीने याच बेटावर दृष्टी गेल्यावर, श्वासनलिकेला छेद द्यावा लागून आवाज गेल्यावरही तांका (पाच ओळींच्या लघुकविता) रचल्या; त्याचा संग्रह १९३९ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी निघाला आणि खूप वाचला गेला. १९५५ मध्ये बेटावर उच्च माध्यमिक शाळेची शाखा सुरू झाली, तिच्यासाठी देशभरच्या कुष्ठालयांतून तरुण मुले येऊ लागली.

विचार : कामिया इकिगाई आणि इकिगाईची भावना यांत फरक करतात. मूल, काम, श्रद्धा, एखादी कला, ज्याच्यामुळे जगावेसे वाटते ते इकिगाई. आणि त्यामुळे आत जे जाणवते ती भावना. सुखापासून त्या ती वेगळी काढतात. सुख चालू क्षणाचे असते. ही भावना पुढे पाहते, म्हणून आजचा दिवस अंधारा असूनही ती टिकू शकते. आपल्याला जे करावेसे वाटते आणि जे करणे आपले कर्तव्य आहे असे वाटते, ती दोन्ही एकच असतात तेव्हा ती सर्वांत तीव्र असते, असे त्यांचे मत आहे. उपकारापोटी किंवा लोक काय म्हणतील म्हणून केलेल्या कामातून ती येत नाही.

जीवनाची तृप्ती, बदल, भविष्य, प्रतिसाद, स्वातंत्र्य, आत्मसिद्धी आणि अर्थ व मूल्य अशा सात गरजा त्यांनी सांगितल्या आहेत. या यादीतील प्रतिसादाची गरज प्रस्तुत लेखकाला सर्वांत मोलाची वाटते. आपल्या असण्याची कोणीतरी दखल घेते, आपण नसलो तर कोणाचे तरी अडेल, या जाणिवेवाचून माणूस आतून वाळतो. बेटावरील सौम्य रुग्णांचे दुःख येथे उलगडते : त्यांचे शरीर धडधाकट होते, पण त्यांच्यावाचून कोणाचेही अडत नव्हते. अंध रुग्णाला वाद्यवृंदात आपली जागा होती. कामियांनी माणूस स्वतःला विचारतो ते चार प्रश्नही मांडले : माझे जगणे कशासाठी किंवा कोणासाठी गरजेचे आहे का? माझा असा हेतू कोणता, आणि मी त्याला जागतो आहे का? मला जगण्याचा हक्क आहे का? आणि मुळात आयुष्य जगण्यालायक आहे का? पहिला प्रश्न इतरांशी असलेल्या नात्याचा आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याला काय आवडते, येथून त्या सुरुवात करत नाहीत.

इकिगाई गमावणे आणि नवे शोधणे यांवर ग्रंथात विस्ताराने लिहिले आहे. प्रियजनाचा मृत्यू, असाध्य रोग, स्वप्न मोडणे यांनी पायाखालची जमीन सरकते, तेव्हा काळाचाच अर्थ हरवतो. उद्या नावाची गोष्ट राहत नाही. अशा वेळी उपदेश निरुपयोगी ठरतो. दुःख दाबून न टाकता त्यातून जावे लागते. छळछावणीतून वाचलेल्या व्हिक्टर फ्रँकल यांच्या पुस्तकाचा जपानी अनुवाद याच मिसुझु शोबोने १९५६ मध्ये काढला होता. मात्र कामियांचा आधार स्वतःच्या रुग्णांचा होता आणि तरुणपणीच्या स्वतःच्या शोकाचाही. घरकाम, अध्यापन आणि बेटावरच्या फेऱ्या सांभाळून त्यांनी हा ग्रंथ काही वर्षे लिहिला. १९६५ ते १९६७ या काळात त्या आइसेइएनच्या मनोविकार विभागाच्या प्रमुख होत्या. तेथील काम त्यांनी १९७२ पर्यंत केले. फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांच्या ग्रंथांचे जपानी अनुवादही त्यांनी याच सुमारास केले. हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

नंतरचा प्रसार : आज जगभर दिसणारी चार वर्तुळांची आकृती (आवड, कौशल्य, जगाची गरज, मिळकत) कामियांची नाही, ती जपानीही नाही. ती मुळात आंद्रेस सुसुनागा या स्पॅनिश ज्योतिषाने जीवनहेतूसाठी काढली आणि २०१४ मध्ये मार्क विन यांनी तिच्यावर इकिगाई हा शब्द बसवला. २०१६ मध्ये एक्तोर गार्सिया आणि फ्रान्सेस्क मिरालेस यांचे लोकप्रिय पुस्तक निघाले. त्याचा मराठी अनुवादही झाला. या आकृतीनुसार नागाशिमातील कोणाकडेही इकिगाई असू शकत नव्हते, कारण मिळकतीचे वर्तुळच तेथे नव्हते. एवढ्यावरून तिची मर्यादा कळते. नोकरी शोधणाऱ्याला ती उपयोगी पडेल. अंथरुणाला खिळलेल्याला, वृद्धाला, घरी आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या बाईला नाही.

वैद्यकीय संशोधनानेही हा विषय हाती घेतला. जपानमधील ओहसाकी भागातील ४३,३९१ प्रौढांना इकिगाई आहे का, हे विचारून सात वर्षे मागोवा घेण्यात आला. ‘नाही’ म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

टीका : कामियांवर गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. आइसेइएनचे पहिले संचालक केनसुके मित्सुदा हे सक्तीच्या विलगीकरणाचे आणि नसबंदीचे प्रमुख पुरस्कर्ते. कामियांना त्यांच्याविषयी आदर होता आणि कायद्याविरुद्ध त्यांनी आवाज उठवला नाही. वंचित माणूस अर्थ कसा शोधतो, हे त्यांनी अपार सहानुभूतीने पाहिले. त्याला वंचित कोणी केले, हे विचारले नाही. त्यांच्या हयातीतच रुग्णांच्या संघटना तो प्रश्न विचारत होत्या. कायदा १९९६ मध्ये रद्द झाला. २००१ मध्ये कुमामोतो जिल्हा न्यायालयाने विलगीकरण घटनाबाह्य ठरवले आणि सरकारने अपील केले नाही. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने, रुग्णांच्या कुटुंबीयांनी भोगलेला भेदभाव आणि तुटलेली नाती यांबद्दलही सरकार जबाबदार असल्याचा निकाल दिला आणि त्या वर्षअखेरीस कुटुंबीयांना भरपाई देणारा कायदा संमत झाला.