मालकाच्या नावाखाली शोधा

१९७२ साली दलित पँथरनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या ब्लॅक पँथरचं. त्याच्या जवळपास शंभर वर्षं आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना. म्हणजे काळ्या माणसाशी आपलं नातं काल-परवाचं नाही. पण हे नातं अमेरिकेच्या किनाऱ्यावरच थांबलं. जिथून ही माणसं जहाजात कोंबून नेली त्या आफ्रिकेचा इतिहास आपण वाचला नाही. हार्लेम आपल्याला ठाऊक, हरार नाही.

मी वाचायला लागलो तेव्हा कामठीत आपल्याच माणसांनी विचारलं, “आफ्रिका काहून पाहिजे बाप्पा तुले? आपला तं लिहून झाला नाही अजून.” सवाल रास्त आहे. हा लेख म्हणजे त्याचं उत्तर, आणि ज्या पोरापोरींना या वाटेनं जायचं आहे त्यांच्यासाठी वाटेच्या चार खुणा.

बऱ्याच ग्रंथालयांत पुस्तकं ड्युईच्या दशांश पद्धतीनं लावतात. युरोपचा इतिहास ९४०, आशियाचा ९५०, त्यात भारताचा ९५४, आणि आफ्रिकेचा ९६०. एका ग्रंथालयात मी ९६० चा आकडा धरून गेलो. कपाटाला कुलूप. किल्लीवाला म्हणाला, “हे परीक्षेत येते काय?” कपाट उघडलं तर आत शिकारी साहेबांच्या आठवणी, पाद्र्यांचे प्रवास आणि एक जुना नकाशासंग्रह. खंड आफ्रिकेचा, पण पुस्तकांत बोलणारा माणूस एकही आफ्रिकेचा नाही.

मग हळूहळू ध्यानात आलं की गुलामाच्या नावानं कार्ड नसतंच. कार्ड असतं मालकाच्या नावानं. तेव्हा मालकाच्या नावाखाली शोधा. ९६० रिकामं असेल तर ९५४ च्या फळीवर जा. पुस्तक मागून उघडा आणि सूचीत हे शब्द बघा : हबशी, सिद्दी, अ‍ॅबिसिनियन, काफ्री. स्पेलिंग दर पुस्तकात बदलतं, म्हणून सगळी स्पेलिंगं वहीत उतरवून ठेवा.

पहिला दाखला मलिक अंबरचा. साधारण १५४८ साली इथिओपियात जन्मलेला हा पोरगा. मूळ नाव चापू. विकला गेला, बगदादच्या बाजारातून फिरला, दख्खनमध्ये आला. इथं त्याला विकत घेतलं चंगीझखानानं. तो निजामशाहीचा पेशवा, आणि तोही एकेकाळचा हबशी गुलामच. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतलं तेव्हा याच अंबरनं दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून निजामशाही पुन्हा उभी केली. १६१० मध्ये खडकी वसवली. तिचं पुढं औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर. नहर खोदून शहराला पाणी दिलं. जमिनीची मोजणी करून सारा बांधला. मराठी घोडेस्वार घेऊन गनिमी काव्यानं मोगलांना जेरीस आणलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजी राजे त्याच्याच बाजूनं लढले.

हा माणूस सापडतो कुठं? जहांगीराच्या आत्मचरित्रात. बादशहा त्याचं नाव घेतो ते शिवी देऊनच. जहांगीर अंबरच्या तोडलेल्या मुंडक्यावर बाण मारतोय, असं एक चित्रही दरबारच्या चिताऱ्यानं १६१६ च्या सुमाराला काढलं. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. चित्र साफ खोटं. मुंडकं बादशहाच्या हाती कधीच लागलं नाही. अंबर १६२६ मध्ये म्हातारपणी मेला आणि खुलताबादला पुरला गेला. तेव्हा जहांगीराच्याच दरबारातल्या मुतमदखानानं त्याची थोरवी लिहून ठेवली. शिवी आणि शाबासकी दोन्ही मालकाच्याच कागदात आहेत. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर माणूस दिसायला लागतो.

दुसरा दाखला नाशिकचा. ज्या नाशकात १९३० साली बाबासाहेबांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह केला, त्याच नाशकाला लागून शरणपूर आहे. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रात इंग्रज जहाजांनी गुलामांच्या होड्या पकडल्या. त्यातली सुटलेली आफ्रिकी पोरं शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, लिहायला-वाचायला शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आत मेला. त्याच्या माणसांनी त्याचं प्रेत हजार मैलांहून जास्त खांद्यावर वाहून किनाऱ्याला आणलं. ती सगळी वाट जेकबनं रोजनिशीत लिहिली. १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत लिव्हिंगस्टनला पुरलं तेव्हा खांदा द्यायला जेकब होता.

इकडं पुण्यात ‘गुलामगिरी’ छापली जात होती, त्याच साली तिकडं नाशकात शिकलेला एक मोकळा झालेला गुलाम आपल्या हातानं इतिहास लिहीत होता. ती रोजनिशी आज इंटरनेटवर फुकट वाचता येते. पण ‘नाशिक’ म्हणून शोधाल तर मिळणार नाही. ‘लिव्हिंगस्टन’ म्हणून शोधावं लागतं.

आणखी खुणा आहेत. जंजिऱ्याचे सिद्दी जुन्या कुलाबा गॅझेटियरमध्ये आहेत, आणि बाणाजींच्या मुंबई व सिद्दींवरच्या १९३२ च्या पुस्तकात. पोर्तुगिजांनी गोव्यात आणलेल्या गुलामांचे कागद गोव्याच्या अभिलेखागारात आहेत. त्यावरून जेनेट पिंटो यांनी १९९२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्या गुलामांची लेकरं आज कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात राहतात. उत्तर कन्नडच्या या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडलं.

अंबरच्या मुलखाचे ग्रंथ मात्र लंडनला गेले. १८६८ मध्ये मुंबईहून गेलेल्या इंग्रजी फौजेनं इथिओपियातला मगदला किल्ला घेतला आणि शेकडो हस्तलिखितं लुटली. त्यातली पुष्कळशी आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्या फौजेत हिंदी शिपाई होते. राबणारे हात इथले, लूट साहेबाची. म्हणून ‘आफ्रिकेला लिखित इतिहास नाही’ असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, मग चोरून नेलं ते काय होतं?

आता आपल्याकडे या. कामठी १८२१ मध्ये छावणी म्हणून वसली. जुन्या सरकारी पुस्तकात कामठी काढा. पलटणी भेटतील, बाजार भेटेल. छावणीत राबणारा आपला पणजोबा नावानं भेटायचा नाही. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या चार खंडांत आपण आहोत, पण जात म्हणून, चालीरीतींच्या वर्णनात. माणूस म्हणून, सालासकट नाही. विडी मजुरांची संघटना बांधणारे, १९३७ मध्ये विधिमंडळात निवडून गेलेले आपले बाबू हरदास १९३९ मध्ये ऐन पस्तिशीत गेले. त्यांचं नाव राहिलं ते वस्तीनं जपलं म्हणून. आफ्रिकेच्या माणसाला जे झालं तेच आपल्याला झालं. म्हणून त्याला शोधायची जी रीत, तीच आपल्याला शोधायची रीत. “काहून पाहिजे” याचं माझं उत्तर हे.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. गुलाम आणि अस्पृश्य यांची तुलना त्यांनी स्वतः लिहिली, ती शासनानं छापलेल्या इंग्रजी पाचव्या खंडात आहे. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. डु बॉइस यांनी उत्तर दिलं. ती पत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात डु बॉइस यांच्या कागदांत जपलेली आहेत. आपला बाप तिथं मित्राच्या नावाखाली सापडतो, मालकाच्या नाही.

तर कामाला लागा. युनेस्कोचा आफ्रिकेचा इतिहास अनेक खंडांत आहे, फोनवर फुकट उतरतो. आफ्रिकेच्या विद्वानांनी लिहिलेला म्हणून तो आधी वाचा. मलिक अंबरसाठी राधेश्याम यांचं १९६८ चं आणि ईटन यांचं २००५ चं पुस्तक नागपूरच्या ग्रंथालयांत मागा. नसेल तर मागणीच्या वहीत लिहा, दर महिन्याला लिहा. मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिकेच्या अभ्यासाचं केंद्र आहे, मुंबईला गेलात तर कलिन्याला चक्कर टाका. आणि सूचीत एखादा हबशी, एखादा महार, एखादा मांग नावानिशी सापडला तर पुस्तकाचं नाव आणि पान नंबर लिहून आम्हाला पाठवा. पान नंबर विसरू नका.