मायनिंग रिगसाठी घरच्या घरी वॉटर कूलिंग लूप : ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ते चालेल का?

क्रिप्टो मायनिंगच्या रिगला पाण्याने थंड करणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. चमकणारे पाइप, रंगीत पाणी, एकदम भारी दिसतं. पण ते व्हिडिओ बहुतेक थंड देशातले असतात. हा लेख लिहिताना मी गोंदिया जिल्ह्यातला इटियाडोह परिसर डोळ्यासमोर ठेवलाय. तिथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. अशा ठिकाणी लूप कसा बांधायचा आणि मुळात बांधावा का, ते आज बघू.

वॉटर कूलिंग म्हणजे नेमकं काय?

ग्राफिक्स कार्ड जेवढी वीज खातं, ती जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट जास्त उष्णता वाहून नेतं. म्हणून पंप पाणी फिरवतो, ते चिपवरच्या ब्लॉकमधून उष्णता उचलतं, रेडिएटरमध्ये जाऊन हवेला देतं आणि परत येतं. मोटारगाडीच्या इंजिनात हेच चालतं. गोंदिया जिल्ह्यातल्याच तिरोड्याच्या ३३०० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्रातही वाफ पाण्यानेच थंड होते.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लूप उष्णता नष्ट करत नाही, फक्त जागा बदलतो. रेडिएटर खोलीतच ठेवला, तर खोली तेवढीच तापणार. म्हणून आपल्याकडे रेडिएटर खिडकीबाहेर, सावलीत हवा.

आधी हिशोब, मग खरेदी

समजा, चार कार्डं आहेत आणि प्रत्येक १२५ वॅट खातं. म्हणजे पाण्यात ५०० वॅट उष्णता जाणार. पंपाने मिनिटाला ३ लिटर पाणी फिरवलं, तर एका फेरीत ते जेमतेम अडीच अंशांनी तापतं. त्यामुळे कोणतं कार्ड आधी जोडायचं यावर डोकेफोड करू नका, फारसा फरक पडत नाही.

रेडिएटरचा ढोबळ नियम असा : १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढा भाग सुमारे १०० वॅट काढून टाकतो आणि तेव्हा पाणी हवेपेक्षा १० अंश गरम राहतं. म्हणजे ५०० वॅटला पाच पंख्यांचा रेडिएटर. आता खरी अडचण बघा. बाहेर ४५ अंश असतील, तर पाणी ५५ वर जाणार. संगणकासाठीच्या डी-५ प्रकारच्या पंपाची मर्यादाच साधारण ६० अंश असते. प्लॅस्टिकचे कडक पाइपही त्या सुमारास मऊ पडू लागतात. म्हणून विदर्भात रेडिएटर दीडपट ते दुप्पट घ्या आणि पाइप ईपीडीएम रबराचे वापरा. दिसायला साधे, पण उन्हाळा काढतात.

काय काय लागेल?

- वॉटर ब्लॉक : कार्डाच्या नेमक्या मॉडेलचाच घ्या. मेमरीलाही झाकणारा हवा, कारण मायनिंगमध्ये मेमरीच जास्त तापते. जीडीडीआर ६एक्स मेमरी ११० अंशांना पोहोचली की कार्ड स्वतःच वेग कमी करतं.
- पंप आणि छोटी टाकी : टाकी पंपाच्या वर. पंप कोरडा फिरला की संपला.
- रेडिएटर, पंखे, पाइप, फिटिंग.
- पाणी : डिस्टिल्ड. शेवाळ होऊ नये म्हणून त्यात बायोसाइड.

जुगाड करताना सांभाळा

भंगारातून बाईकचा किंवा गाडीचा रेडिएटर आणायचा मोह होतोच. पण तो बहुतेक ॲल्युमिनियमचा असतो आणि ब्लॉक तांब्याचा. एकाच पाण्यात हे दोन धातू आले की ॲल्युमिनियम गंजत जातं आणि ब्लॉकच्या बारीक खाचा गाळाने भरतात. एसी दुरुस्तीवाल्याकडे तांब्याची जुनी कॉइल मिळाली तर ती चालते, मात्र आतून नीट धुऊन घ्या.

"धरण शेजारीच आहे, मग कालव्याचं पाणी का नको?" असं कुणीतरी विचारणारच. गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण धानाच्या सिंचनासाठी आहे. परवानगीशिवाय ते पाणी घ्यायचं नाही, हे एक. दुसरं म्हणजे त्यातला गाळ, क्षार आणि शेवाळ आठवड्याभरात ब्लॉक तुंबवतील. आणि लूप बंद असतो, त्याला एक-दोन लिटरच पाणी लागतं.

मग १००० लिटरच्या टाकीत कॉइल बुडवली तर? ५०० वॅटने २४ तासांत ती टाकी सुमारे १० अंशांनी तापेल, जर उष्णता कुठूनच निसटली नाही तर. रात्री थोडी निघते, पण उन्हातल्या टाकीचा भरवसा नाही.

त्यापेक्षा घरचा डेझर्ट कूलर बरा. तांब्याची कॉइल त्याच्या टाकीत बुडवा. बाष्पीभवनामुळे कोरड्या मे महिन्यात ते पाणी हवेपेक्षा बरंच थंड असतं. आपल्या ५०० वॅटसाठी दिवसाला साधारण १८ लिटर जास्त पाणी उडेल. पावसाळ्यात हवा दमट झाली की हा उपाय लंगडा पडतो, पण तेव्हा हवाही थंड असते.

जोडणी आणि लीक टेस्ट

१. कार्डाचा जुना हीटसिंक काढा, थर्मल पॅड नव्याने लावा, ब्लॉक एकेक स्क्रू आलटून पालटून कसा.
२. पाइप जोडा. कुठेही पाइप दुमडलेला नको.
३. टाकी भरा. कार्डांचा आणि मदरबोर्डचा पुरवठा काढून फक्त पंप चालवा.
४. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा आणि २४ तास चालू ठेवा. एक डाग जरी दिसला, तरी पुढे जायचं नाही.
५. सगळं कोरडं राहिलं, तरच रिग चालू करा. पाण्याचं तापमान दाखवणारा सेन्सर लावा आणि ५५ ला रिग बंद होईल असं सेटिंग ठेवा.

पाणी आणि २३० व्होल्ट एकाच खोलीत आहेत, हे विसरू नका. नीट अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी हवाच. पॉवर सप्लाय पाइपच्या खाली कधीच ठेवू नका. वायरिंगचं काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या.

आता मुद्द्याचं : परवडतं का?

इथे मी स्पष्टच बोलतो. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंग बंद केलं आणि ग्राफिक्स कार्डांची मुख्य कमाई गेली. बिटकॉइनसाठी खास एसिक यंत्रं लागतात आणि एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकचं बक्षीस ३.१२५ बिटकॉइनवर आलंय. आपली रिग भिंतीवरून ६०० वॅट घेत असेल, तर महिन्याला ४३२ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी ४,३२० रुपये बिल. तेवढे कॉइन महिन्याला मिळतात का, हे आधी तपासा. वॉटर कूलिंगने आवाज कमी होतो, कार्ड थंड राहतं, पण विजेचं बिल फारसं कमी होत नाही.

त्यात १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर सेस. खरेदीच्या किमतीशिवाय दुसरा खर्च वजा होत नाही, म्हणजे वीजबिलही नाही. आणि शेतीपंपाच्या जोडणीवर रिग चालवायचा विचारही करू नका. तो वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि दंडाचं बिल बाबांच्या नावावर येतं.

मोबाइलवर मायनिंग होतं का?

नाही. फोनवरच मायनिंग करणाऱ्या ॲपवर गुगल प्लेने २०१८ मध्येच बंदी घातली. "रोज बटण दाबा, कॉइन मिळवा, पैसे काढायला आधी फी भरा" असं कुणी म्हटलं, तर ती फसवणूकच समजा.

माझं मत

कमाईसाठी हा लूप बांधू नका. शिकण्यासाठी मात्र जरूर बांधा, तोही एका जुन्या कार्डावर. उष्णता, पंप, गंज, अर्थिंग हे सगळं यात हाताने कळतं. उद्या सोलर पंप, कोल्ड स्टोरेज किंवा सर्व्हर रूमचं काम शिकायचं म्हटलं, तर हेच ज्ञान कामी येईल. कार्डाचं मॉडेल आणि खोलीचं दुपारचं तापमान, या दोन गोष्टी आजच लिहून ठेवा. खरेदी त्यानंतर.