युद्ध आणि ख्रिस्ती धर्म

ख्रिस्ती माणसाने युद्धात शस्त्र उचलावे की नाही, या प्रश्नावर ख्रिस्ती चर्चचे आजवर एकमत झालेले नाही. ढोबळमानाने तीन मते आढळतात : कोणत्याही कारणासाठी शस्त्र उचलू नये; अन्याय रोखण्यासाठी, ठरावीक अटी पाळून, नाइलाज म्हणून उचलावे; आणि देवाच्या कार्यासाठी लढणे पुण्याचे असते. तिसरे मत आज बहुतेक चर्चनी सोडून दिले आहे. पहिल्या दोहोंमधला वाद मिटलेला नाही. या मतभेदाचे मूळ बायबलमधल्या वचनांत आहेच, पण त्याहून अधिक ते त्या त्या चर्चचे राज्यसत्तेशी जे नाते राहिले, त्यात आहे.

वचने दोन्ही बाजूंना सापडतात. डोंगरावरील प्रवचनात येशूने वैऱ्यावर प्रेम करायला सांगितले आणि अटकेच्या रात्री शिष्याला तलवार म्यान करायला लावली. मात्र बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने त्याच्याकडे आलेल्या शिपायांना नोकरी सोडा असे म्हटले नाही. लोकांना लुबाडू नका आणि पगारात समाधान माना, एवढेच बजावले. कफर्णहूमच्या रोमन शताधिपतीच्या विश्वासाची येशूने वाखाणणी केली, तर पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात राज्यकर्त्याची तलवार देवाच्या व्यवस्थेत बसवली. जुन्या करारातील यहोशवाच्या लढाया तर देवाच्या आज्ञेने झाल्या असे सांगितले आहे. शांततावादी हे सारे येशूच्या शब्दांच्या प्रकाशात वाचतात. दुसऱ्या पक्षाच्या मते ते शब्द व्यक्तीच्या आचरणाला लागू पडतात. प्रजेच्या रक्षणाची जबाबदारी असलेल्या राजाला नाही.

पहिल्या तीन शतकांतील ज्या ख्रिस्ती लेखकांनी या विषयाला हात घातला, त्यांचा कल सैन्यसेवेच्या विरोधात होता. कार्थेजच्या तेर्तुलियनला सैन्यातली मूर्तिपूजा आणि रक्तपात दोन्ही नामंजूर होते. ओरिजेनच्या मते ख्रिस्ती लोक सम्राटाची सेवा प्रार्थनेने करतात. २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेतील मॅक्सिमिलियन या एकवीस वर्षांच्या तरुणाने सैन्यभरतीला नकार दिला आणि त्याचा शिरच्छेद झाला. खटल्याच्या वेळी अधिकाऱ्याने त्याला सम्राटाच्या सैन्यातील इतर ख्रिस्ती शिपायांचे उदाहरण दिले होते. म्हणजे उपदेश आणि व्यवहार यांत तेव्हाही अंतर होते.

कॉन्स्टंटाइनने ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली आणि चित्र पालटले. ज्या समाजाच्या हाती सत्ता नव्हती, त्याचेच लोक शंभर वर्षांत राज्यपाल आणि सेनापती झाले. सीमेवरचे हल्ले कोणी थोपवायचे, हा प्रश्न आता त्यांचा स्वतःचा होता. हिप्पोच्या ऑगस्टिनने (३५४–४३०) त्याला उत्तर दिले : निरपराध शेजाऱ्याच्या रक्षणासाठी, वैध सत्तेच्या आज्ञेने, मनात द्वेष न ठेवता केलेले युद्ध पाप नव्हे, पण ते दुःखाचेच काम आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने वैध सत्ता, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू अशा तीन अटी मांडल्या. पुढच्या विचारवंतांनी त्यांत शेवटचा उपाय, प्रमाणबद्धता आणि निःशस्त्रांचे संरक्षण या अटींची भर घातली. आजच्या आंतरराष्ट्रीय युद्धनियमांचा एक मोठा झरा येथूनच निघतो. या सिद्धान्तातली उणीवही तितकीच मोठी आहे. कारण न्याय्य आहे की नाही हे बहुधा युद्ध पुकारणारा राजाच ठरवतो, आणि आपल्याच राजाचे युद्ध अन्याय्य आहे असे सांगणारे बिशप इतिहासात फार थोडे सापडतात.

पूर्वेकडील चर्चची वाट थोडी वेगळी होती. चौथ्या शतकात कैसरियाच्या बेसिलने रणात शत्रूला मारणे खून मानले नाही. तरी अशा शिपायांचे हात स्वच्छ नसल्याने त्यांनी तीन वर्षे प्रभुभोजनापासून दूर राहावे, असे सुचवले. हा सल्ला क्वचितच पाळला गेला. दहाव्या शतकात मात्र त्याला धार आली. बायझंटाइन सम्राट निकिफोरस फोकासने मुसलमानांशी लढताना पडलेल्या सैनिकांना हुतात्मा ठरवण्याची मागणी केली, तेव्हा पॅट्रिआर्क (चर्चप्रमुख) पोलिउक्टस याने बेसिलचा हाच नियम पुढे करून ती नाकारली. रणात मेलेला सैनिक आदरणीय, पण तेवढ्याने तो संत ठरत नाही, ही त्या नकारामागची भूमिका फार मोलाची आहे.

पश्चिमेत याच्या उलट घडले. १०९५ मध्ये क्लेरमाँ येथे पोप दुसरा अर्बन याने जेरुसलेमच्या मोहिमेवर जाण्यालाच प्रायश्चित्ताचे मोल दिले. १०९९ मध्ये ते शहर पडले, तेव्हा तेथील मुसलमानांची आणि यहुद्यांची कत्तल झाली. १२०४ मध्ये अशाच मोहिमेवर निघालेल्या क्रूसधारी सैन्याने ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपलच लुटले. ही वृत्ती भारताच्या किनाऱ्यालाही लागली. १४५५ च्या पोपच्या फर्मानाने पोर्तुगालच्या राजाला अन्यधर्मीयांची भूमी जिंकण्याचा अधिकार दिला होता. १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतला आणि तेथील मुसलमानांच्या संहाराचे वृत्त स्वतःच राजाला कळवले. अशा फर्मानांवर उभारलेला, परक्या भूमीवर हक्क सांगणारा सिद्धान्त व्हॅटिकनने २०२३ मध्ये जाहीरपणे नाकारला.

धर्मसुधारणेच्या काळात जुना वाद नव्या रूपात पुढे आला. ल्यूथरने सैनिकी पेशा वैध ठरवला. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाने आणि इंग्लंडच्या चर्चनेही न्याय्य युद्धातली सेवा मान्य केली. ही सारी चर्च राजांच्या आश्रयाने उभी होती. ज्यांना असा आश्रय नव्हता आणि नकोही होता, त्या अॅनाबॅप्टिस्टांनी १५२७ मध्ये श्लाइटहाइम येथे तलवार ख्रिस्ताच्या परिपूर्णतेबाहेरची असल्याचे ठरवले. त्यांचे वारस मेनोनाइट. इंग्लंडचे क्वेकर आणि जर्मनीत उगम पावलेले ब्रेदरन यांनीही तीच वाट धरली. १८७० नंतर रशियात सक्तीची लष्करसेवा येताच हजारो मेनोनाइट कॅन्सस आणि मॅनिटोबात स्थलांतरित झाले.

विसाव्या शतकाने दोन्ही पक्षांना कसोटीला लावले. १९१४ मध्ये जर्मन आणि इंग्रज धर्मगुरूंनी आपापल्या सैन्यांना आशीर्वाद दिले. त्यातून अनेक जण शांततावादाकडे वळले. पण हिटलरच्या उदयानंतर अमेरिकेतील राइनहोल्ड नीबूर यांनी दुर्बलांना अत्याचाऱ्याच्या हाती सोपवणारी अहिंसा प्रेमाची नव्हे, असे ठामपणे मांडले. त्याच काळात ऑस्ट्रियातील शेतकरी फ्रान्झ येगरस्टेटर याने हिटलरसाठी लढायला नकार दिला. तो शांततावादी नव्हता. हे युद्ध अन्याय्य आहे, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्याच्या बिशपनेही त्याला कर्तव्य करण्याचाच सल्ला दिला. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याला मृत्युदंड देण्यात आला आणि २००७ मध्ये कॅथलिक चर्चने त्याला धन्य घोषित केले. न्याय्य युद्धाच्या अटी एका सामान्य माणसाने आपल्याच सरकारला लावून दाखवल्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

१९४८ मध्ये अॅमस्टरडॅम येथे जागतिक चर्च परिषदेने युद्ध हा वाद सोडवण्याचा मार्ग ख्रिस्ताच्या शिकवणीशी विसंगत असल्याचे म्हटले आणि त्यात भाग घेण्याबाबत आपल्यात एकमत नसल्याचेही नोंदवले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये संपूर्ण शहरांचा सरसकट विध्वंस हा देवाविरुद्धचा आणि मानवाविरुद्धचा गुन्हा ठरवला, सदसद्विवेकामुळे शस्त्र नाकारणाऱ्यांना कायद्याने माणुसकीची वागणूक मिळावी असे सांगितले, मात्र राष्ट्राचा स्वसंरक्षणाचा हक्क कायम ठेवला. अण्वस्त्रांनी प्रमाणबद्धतेची अट अशक्यप्राय केल्याने पुढील पोपनी न्याय्य युद्धाचे दार अधिकाधिक अरुंद केले. २००३ च्या इराक युद्धाला पोप दुसरे जॉन पॉल यांनी विरोध केला, तर अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट चर्चच्या काही प्रमुख नेत्यांनी तेच युद्ध न्याय्य ठरवले. युक्रेनवरील आक्रमणानंतर, सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोचे पॅट्रिआर्क किरिल यांनी कर्तव्य बजावताना मरणाऱ्या सैनिकाची पापे धुतली जातात असे प्रवचन केले. तेव्हा मॉस्कोशीच जोडलेल्या युक्रेनी ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख ओनुफ्री यांनी मात्र आक्रमणाच्या पहिल्याच दिवशी त्याला काइनाच्या भ्रातृहत्येची उपमा दिली होती, आणि मे २०२२ मध्ये त्या चर्चच्या धर्मसभेने मॉस्कोपासून आपले स्वातंत्र्य जाहीर केले.