ग्रीनलंड : तेलशोध व अर्थव्यवस्था
ग्रीनलंड हे डेन्मार्कच्या राज्यातील स्वायत्त बेट. क्षेत्रफळ सु. २१.६६ लाख चौ. किमी.; त्यातील सु. ८० टक्के बर्फाखाली. लोकसंख्या जेमतेम ५७ हजार. राजधानी नूक. गावांना जोडणारे रस्ते नाहीत. ये-जा बोटीने वा विमानाने. निर्यातीत मासळी व कोळंबीचा वाटा ९० टक्क्यांहून अधिक असून सरकारी खर्चाचा मोठा भाग डेन्मार्कच्या वार्षिक अनुदानातून भागतो. म्हणूनच इथे तेलाचा प्रश्न स्वातंत्र्याच्या आकांक्षेशी जोडला गेला. २००९ च्या स्वशासन कायद्याने खनिजांचे अधिकार स्थानिकांकडे आले. मात्र ठरावीक मर्यादेपलीकडील खनिज-उत्पन्नाच्या निम्म्याइतके अनुदान कमी होते.

पश्चिम किनाऱ्यालगत १९७६-७७ मध्ये खोदलेल्या पाच विहिरी कोरड्या निघाल्या. नूसुआक द्वीपकल्पावर खडकांतून पाझरणारे तेल १९९० च्या दशकात आढळले आणि आशा पुन्हा पालवली. राजस्थानात बाडमेरचे तेल शोधणाऱ्या केर्न एनर्जीने २०१०-११ मध्ये आठ विहिरी खोदल्या, एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला. व्यापारी साठा सापडला नाही. खोदकाम फक्त उन्हाळ्यातच शक्य होते. तेव्हाही हिमनग समुद्रात खोदकाम करणाऱ्या जहाजाकडे सरकत. त्यांना दोर टाकून ओढावे लागे किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने वळवावे लागे. अशा पाण्यात तेल सांडले, तर ते बर्फाखालून काढणे जवळपास अशक्य, आणि सारी उपजीविका त्याच समुद्रावर. 

जुलै २०२१ मध्ये इनुइट अताकातिगीत पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकारने नवे तेलशोध परवाने देणे थांबवले.