कूटचलन : शासकीय मान्यता व देखरेख

कूटचलन : सांकेतिक गणिताच्या आधारे निर्माण केलेले, संगणकांच्या जाळ्यावर नोंदले जाणारे आणि कोणत्याही शासनाने अथवा मध्यवर्ती बँकेने प्रसृत न केलेले विनिमयसाधन. यास आभासी चलन असेही म्हणतात. बिटकॉइन हे त्याचे पहिले व सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या एका टिपणात त्याची कल्पना मांडली गेली आणि जानेवारी २००९ मध्ये ते प्रत्यक्ष व्यवहारात आले. बिटकॉइनांची एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाऊ नये, अशी तरतूद त्याच्या रचनेतच केलेली आहे. व्यवहारांची नोंदवही एका पेढीत नसून तिच्या प्रती जगभरच्या संगणकांवर ठेवलेल्या असतात. प्रत्येक नवी नोंद मागील नोंदीशी साखळीप्रमाणे जोडलेली असल्याने तीत मागाहून फेरफार करणे अतिशय दुष्कर ठरते. या पद्धतीस ‘ब्लॉकचेन’ ही संज्ञा रूढ आहे.

भ्रमणध्वनीवरून ‘यूपीआय’द्वारा पैसे देणे म्हणजेच कूटचलन वापरणे, असा समज पुष्कळदा आढळतो, तो बरोबर नाही. यूपीआयने एका बँकखात्यातील रुपये दुसऱ्या खात्यात जातात आणि रुपयामागे भारतीय रिझर्व्ह बँकेची हमी असते. कूटचलनामागे अशी हमी देणारा कोणीही नसतो. नाणे किंवा नोट राज्यसंस्थेबाहेर कोणी काढावी काय व काढल्यास तिच्यावर देखरेख कोणी ठेवावी, हा या विषयातील मूळ प्रश्न आहे आणि महाराष्ट्राला तो नवा नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेकप्रसंगी सोन्याचा होन व तांब्याची शिवराई पाडली. तथापि पुढील काळात मराठी राज्यात एकच एक चलन कधीच नव्हते. पेशवाईत सोनार, सराफ व सावकार यांना टांकसाळ चालविण्याचे परवाने देण्यात येत. परवानेदाराने सरकारात ठराविक रक्कम भरावी, नाण्याचे वजन व कस ठरल्याप्रमाणे राखावा आणि कस उतरल्यास शिक्षेस पात्र व्हावे, अशी व्यवस्था असे. म्हणजे नाणे खाजगी माणसाने पाडावयाचे आणि त्यावर नजर सरकारने ठेवावयाची. हीन कसाची नाणी पाडणाऱ्या टांकसाळी बंद करण्याचे हुकूमही वेळोवेळी सुटले, त्यावरून ही नजर नेहमीच पुरी पडत नसे हेही उघड होते. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी मराठी राज्यातील चलन व टांकसाळी या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला आहे.

नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात नागपुरी रुपया चाले. त्यावर भोसल्यांचे नव्हे, तर मोगल बादशाहाचे नाव असे. राजसत्ता एकाची, नाणे दुसऱ्याच्या नावाचे आणि त्याचा प्रत्यक्ष भाव ठरविणारा तिसराच म्हणजे सराफ, असा हा प्रकार होता. निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात येत. सराफ ते वाजवून, कसून, त्यांवर बट्टा आकारून घेई. सारा भरणाऱ्या कुणब्याला आपल्या हातातील रुपया सरकारात किती आण्यांचा धरला जाईल हे बहुधा आधी कळत नसे. चलनातील अनिश्चिततेचा भार अखेरीस कोणावर पडतो, हे या बट्ट्यावरून जितके स्पष्ट होते तितके ते अर्थशास्त्राच्या ग्रंथांतूनही क्वचितच होते.

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा व अकरा-बारांश शुद्ध चांदीचा एकच रुपया आपल्या मुलखात कायदेशीर ठरविला. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर हाच रुपया वऱ्हाड-नागपूरच्या बाजारपेठांत स्थिरावत गेला. नोटांच्या बाबतीतही असाच क्रम दिसतो. बँक ऑफ बाँबे (स्थापना १८४०) ही आपल्या नोटा स्वतः काढीत असे. १८६१ च्या कागदी चलन अधिनियमाने तो अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला. पुढे १९३४ च्या रिझर्व्ह बँक अधिनियमाने, धारकास मागताक्षणी देय होणारी वचनचिठ्ठी रिझर्व्ह बँक किंवा केंद्र सरकार यांखेरीज अन्य कोणी काढू नये, असा निर्बंध घातला. चलनाची मक्तेदारी राज्यसंस्थेकडे येण्याची ही प्रक्रिया सु. शंभर वर्षांत पुरी झाली.

हुंडीने मात्र या मक्तेदारीबाहेर आपले स्थान टिकविले (→ हुंडी). हिंगणघाटची बाजारपेठ कापसासाठी प्रसिद्ध होती आणि कापसाच्या मोसमात रोकड गाडीतून नेण्यापेक्षा दर्शनी अथवा मुदती हुंडी पाठविणे व्यापाऱ्यांस सोयीचे व निर्धोक वाटे. इंग्रजी अंमलानेही हुंडीस हात लावला नाही. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात देशी भाषांतील अशा लेखांबाबत स्थानिक रूढी कायम ठेवण्यात आली. हुंडीचा आधार पेढीची पत हा होता. पेढी बुडाली तर कोणाच्या दारात जावयाचे हे तरी धारकाला ठाऊक असे. स्वातंत्र्योत्तर काळात परकी चलनावरील निर्बंधांमुळे याच परंपरेतून हवाल्याचा छुपा व्यवहार फोफावला आणि त्याच्या बंदोबस्तासाठी झालेल्या कायद्यांत धनशोधन प्रतिबंधक अधिनियम, २००२ हा प्रमुख ठरला. कूटचलनावरील देखरेख आज याच अधिनियमाखाली होते.

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गिरड येथे शेख ख्वाजा फरीद यांचा दर्गा आहे. तेथील टेकडीवर नारळ, जायफळ यांच्या आकाराचे झिओलाइटयुक्त गोलसर दगड आढळतात. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी फरीदबाबांची चेष्टा केली म्हणून त्यांचा सगळा माल दगड झाला. त्यांनी क्षमा मागितल्यावर बाबांनी वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला, अशी आख्यायिका आहे. कूटचलनाच्या भावातील चढउतार पाहताना तिची आठवण झाल्यावाचून राहत नाही. फरक इतकाच, की येथे दगड झालेल्या मालाची भरपाई करणारा कोणी नसतो.

भारतातील शासकीय धोरण : रिझर्व्ह बँकेने २४ डिसेंबर २०१३ रोजी कूटचलनातील जोखमींबाबत जनतेस प्रथम सावध केले व २०१७ मध्ये हा इशारा दोनदा दिला. इशाऱ्यांचा परिणाम फारसा झाला नाही. २०१७ च्या अखेरीस भाव झपाट्याने चढले आणि मध्यमवर्गीय तरुण मोठ्या संख्येने या व्यवहारात उतरले. ६ एप्रिल २०१८ रोजी बँकेने परिपत्रक काढून आपल्या नियंत्रणाखालील सर्व बँकांना व वित्तसंस्थांना कूटचलनाच्या व्यवहारांस कोणतीही सेवा देण्यास मनाई केली. कूटचलन बाळगणे बेकायदा ठरविले नव्हते. पण बँकेचा दरवाजा बंद झाल्याने व्यवहार व्यक्तीव्यक्तींमध्ये परस्पर होऊ लागले व ते नजरेआड गेले. देखरेखीच्या दृष्टीने हे परिपत्रक उलटेच ठरले असे म्हणावे लागते.

इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने परिपत्रकास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. न्या. रोहिंटन नरिमन, न्या. अनिरुद्ध बोस व न्या. व्ही. रामसुब्रमणियन यांच्या खंडपीठाने ४ मार्च २०२० रोजी ते रद्द केले. या निर्णयाचा आशय अनेकदा चुकीचा सांगितला जातो. न्यायालयाने कूटचलनास वैध चलन म्हटले नाही, तसेच रिझर्व्ह बँकेस अशा व्यवहारांवर उपाय योजण्याचा अधिकारच नाही असेही म्हटले नाही. कूटचलनावर कायद्याने बंदी नसताना, आणि नियंत्रित बँकांचे त्यामुळे काही नुकसान झाल्याचे दाखविलेले नसताना, संपूर्ण मनाईचा उपाय प्रमाणाबाहेरचा असून व्यवसायस्वातंत्र्याच्या हक्कास बाधक ठरतो, एवढाच तो निर्णय होता.

दरम्यान सुभाषचंद्र गर्ग यांच्या अध्यक्षतेखालील आंतरमंत्रालयीन समितीने २०१९ मध्ये खाजगी कूटचलनावर पूर्ण बंदीची शिफारस केली होती. सोबतच्या विधेयकाच्या मसुद्यात दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. २०२१ मध्ये असे विधेयक संसदेच्या कामकाजाच्या यादीत आले, परंतु मांडले गेले नाही. त्याऐवजी शासनाने कराचा मार्ग धरला. २०२२ च्या वित्त अधिनियमाने ‘आभासी अंकीय मत्ता’ ही नवी संज्ञा आणली. तिच्या हस्तांतरणातील नफ्यावर ३०% कर बसविला. तोटा अन्य उत्पन्नातून वजा करण्यास मनाई केली आणि १ जुलै २०२२ पासून ठराविक मर्यादेपुढील व्यवहारांवर १% उगमस्थानी करकपात लागू केली. कर बसविला म्हणजे मान्यता दिली असे नव्हे, असे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी राज्यसभेत स्पष्ट केले. कायद्याच्या भाषेत हे खरे असले, तरी ज्या गोष्टीतून कर घेतला जातो ती सरकारमान्य असते असेच सामान्य करदाता समजतो, आणि त्याला त्यासाठी दोष देता येत नाही. एक टक्का कपातीचा उपयोग महसुलापेक्षा माग ठेवण्यासाठी अधिक होतो.

खरी देखरेख सुरू झाली ती ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने. तिच्यान्वये कूटचलनाची खरेदी-विक्री, अदलाबदल, हस्तांतरण व सुरक्षित ठेव यांचा व्यवसाय करणाऱ्यांना धनशोधन प्रतिबंधक अधिनियमाच्या कक्षेत आणले गेले. त्यांनी वित्तीय गुप्तवार्ता एककाकडे नोंदणी करणे, ग्राहकांची ओळख पटविणे, नोंदी जपणे व संशयास्पद व्यवहार कळविणे बंधनकारक झाले. डिसेंबर २०२३ मध्ये नोंदणी न केलेल्या नऊ परदेशी मंचांना नोटिसा देण्यात आल्या; जून २०२४ मध्ये त्यांपैकी बायनान्स या मंचास १८ कोटी ८२ लाख रुपयांचा दंड झाला. या व्यवस्थेची एक मर्यादा आहे. ब्लॉकचेनवरील नोंद सर्वांना दिसते, परंतु तीत नाव नसून केवळ सांकेतिक पत्ता असतो. नाव कळते ते रुपये देऊन कूटचलन घेताना किंवा विकताना. जो मनुष्य आपली गुप्तकिल्ली स्वतःजवळ ठेवतो व मंचावर येतच नाही, तो बहुतांशी या जाळ्याबाहेर राहतो.

महाराष्ट्रातील अनुभव : नियमन नसलेल्या काळाची किंमत महाराष्ट्राने चांगलीच मोजली. ‘गेनबिटकॉइन’ या योजनेत दरमहा १०% परताव्याचे आमिष दाखवून बिटकॉइन गोळा करण्यात आले. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये मुख्य सूत्रधारास अटक केली. जमा झालेली रक्कम २०१७ च्या सुमारास ६,६०० कोटी रुपयांच्या घरात होती, असे अंमलबजावणी संचालनालयाचे म्हणणे आहे. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी, तपासात साहाय्य करण्यासाठी घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच, जप्तीतील कूटचलन परस्पर वळविल्याच्या आरोपावरून अटक केली. जप्त केलेला ऐवज कोठडीत कुलूपबंद करता येत नाही, तो ज्याच्या हाती किल्ली त्याचाच होतो, ही अडचण पोलिसयंत्रणेपुढे तेव्हा प्रथमच एवढ्या स्पष्टपणे आली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डिसेंबर २०२३ मध्ये निरनिराळ्या राज्यांतील गुन्ह्यांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. नागपूर येथेही २०२२ मध्ये इथेरियममधील गुंतवणुकीच्या नावाने चालविलेल्या एका योजनेच्या चालकांना पोलिसांनी अटक केली. अशा प्रकरणांत ठेवीदारांना महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार हितसंरक्षण अधिनियमाचा आधार मिळू शकतो. त्यातील ठेवीच्या व्याख्येत पैशाबरोबर मौल्यवान वस्तूही येते.

१८ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या ‘वझीरएक्स’ या मंचावरून सु. २३ कोटी डॉलर मूल्याचे कूटचलन चोरीस गेले. हा मंच वित्तीय गुप्तवार्ता एककाकडे नोंदलेला होता. नोंदणीचा हेतू काळा पैसा रोखणे हा आहे, ठेवीचे संरक्षण हा नव्हे, हा भेद ग्राहकांना त्या दिवशी कळला. बँक बुडाल्यास ठेवविम्याचे संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंत असते. येथे तसे काहीच नव्हते. नुकसानीच्या वाटपाची योजनाही भारतात नव्हे, तर सिंगापूरच्या न्यायालयापुढे मांडली गेली. याच मंचाच्या एका ग्राहकाच्या अर्जावर मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कूटचलन ही मालमत्ता असल्याचे मत दिले.

ब्लॉकचेनचा शासकीय उपयोगही विदर्भात झाला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात २०२२ मध्ये सु. ६५,००० जातप्रमाणपत्रे या तंत्राने नोंदविण्याचे काम हाती घेण्यात आले. बनावट दाखल्यांना आळा घालणे हा त्यामागील उद्देश होता.

इतर देश व ई-रुपया : एल साल्वादोर या देशाने ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइनला कायदेशीर चलन केले, परंतु आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी झालेल्या करारानंतर जानेवारी २०२५ मध्ये ते स्वीकारण्याची सक्ती काढून टाकली. चीनने सप्टेंबर २०२१ मध्ये सर्व कूटचलन-व्यवहार बेकायदा ठरविले. जपानने २०१७ मध्ये मंचांची नोंदणी अनिवार्य केली, तर यूरोपीय संघाचा या विषयावरील सर्वंकष कायदा २०२३ मध्ये संमत होऊन ३० डिसेंबर २०२४ पासून पूर्णपणे अंमलात आला.

रिझर्व्ह बँकेने घाऊक व्यवहारांसाठी १ नोव्हेंबर २०२२ रोजी व किरकोळ व्यवहारांसाठी १ डिसेंबर २०२२ रोजी प्रायोगिक तत्त्वावर ई-रुपया आणला. किरकोळ प्रयोग प्रथम मुंबई, नवी दिल्ली, बंगळूर व भुवनेश्वर या चार शहरांत झाला. त्यासाठी रिझर्व्ह बँक अधिनियमातील नोटेच्या व्याख्येत अंकीय स्वरूपाचा समावेश २०२२ मध्येच करण्यात आला होता. ई-रुपया कूटचलनाची बाह्य रीत काही प्रमाणात स्वीकारतो. परंतु तो रिझर्व्ह बँकेचेच देणे असल्याने त्याची जात नोटेची आहे, बिटकॉइनची नव्हे.