शिडाचा छंद, क्लबचा आधार

रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी प्रथम होडीत बसत असे. मुंबई बंदर ओलांडून भरतीच्या पाण्यावर पनवेलच्या खाडीत शिरायचे आणि पनवेल बंदरात उतरून बोरघाटाची वाट धरायची, असा तो प्रवास होता. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि या बंदराचे महत्त्व वाढले. १८६३ मध्ये कल्याण-कर्जतमार्गे जाणाऱ्या रेल्वेने घाट ओलांडला, तसे ते ओसरत गेले. एकेकाळी शिडांच्या होड्यांवर नांदलेल्या या परिसरात आज महानगरपालिका आहे, अटल सेतू हाकेच्या अंतरावर आहे, विमानतळही आला आहे. मात्र शिडाची नौका हाकायला शिकवणारी जुनी व प्रस्थापित केंद्रे अजूनही मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाबा आणि अपोलो बंदर परिसरातच आहेत.

पदकांमुळे वाढलेली ओढ

शिडाच्या नौकांचा खेळ भारतात प्रदीर्घ काळ सैन्यदले आणि मोजकी सधन कुटुंबे यांच्यापुरता मर्यादित होता. मुंबईतील रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ ची. देशातील खेळाची सूत्रे सांभाळणारी यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया १९६० मध्ये स्थापन झाली. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेतील या खेळाच्या शर्यती मुंबईच्या पाण्यात झाल्या आणि फारूख तारापोर व झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल प्रकारात सुवर्णपदक पटकावले.

गेल्या दीड दशकात हे वर्तुळ रुंदावले. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. तसे करणारे ते पहिले भारतीय. पाठोपाठ अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता तोच पराक्रम केला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत मुंबईच्या श्वेता शेरवेगर हिने वर्षा गौतमच्या साथीने रौप्यपदक मिळवले. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकसाठी चार भारतीय पात्र ठरले आणि त्यांत नेत्रा कुमानन ही या खेळात ऑलिम्पिकला पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला होती.

याहून बोलके उदाहरण भोपाळचे आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या शहरातील तलावावर सरावलेल्या हर्षिता तोमरने २०१८ मध्ये कांस्य, तर नेहा ठाकूरने २०२३ च्या हांगझोऊ स्पर्धेत रौप्यपदक जिंकले. नेहा शेतकऱ्याची मुलगी. खेळाडू घडण्यासाठी समुद्रकिनाऱ्यावरचे घर वा वडिलांच्या मालकीची नौका लागत नाही. नौका, प्रशिक्षक आणि शिस्त एका ठिकाणी उपलब्ध करून देणारी संस्था लागते, हा त्यातील धडा आहे.

खाडीचे गुणदोष

पनवेलच्या खाडीत ही संस्था उभी राहू शकेल का, याचे उत्तर पाण्याच्या स्वभावात दडले आहे. मोठ्या उधाणाला मुंबई परिसरात भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. ओहोटीला खाडीचा बराचसा भाग चिखल होऊन उघडा पडतो. त्यात रुतलेली नौका पुढच्या भरतीपर्यंत हलत नाही आणि उतरून चालत किनारा गाठणे धोक्याचे असते. बेलापूरलगत खाडीवरून जाणारे रस्त्याचे व उरण रेल्वेमार्गाचे पूल उंच डोलकाठीच्या नौकेला अडसर ठरतात. त्यामुळे या भागातील हौशी मंडळींसाठी खाडीच्या आतल्या भागापेक्षा तिच्या मुखाजवळचे पाणी अधिक सोयीचे. बेलापूरच्या जेट्टीवरून फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईसाठी जलटॅक्सी सुरू झाली, तेव्हा या पाण्याच्या वापराची शक्यता पुन्हा चर्चेत आली होती.

वाऱ्याचेही गणित आहे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दुपारी खारा वारा जोर धरतो आणि बंदरातून नवी मुंबई-उरणच्या किनाऱ्याकडे ढकलतो. शीड फाटले वा सुकाणू मोडले, तर नौका याच बाजूच्या चिखलाकडे व खारफुटीकडे वाहत येते. पाण्याची वेळ तर रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोळीवाड्यातील जाणत्यांना हे सारे उपजत ठाऊक असते; इमारतीत वाढलेल्या शिकाऊला ते शिकावे लागते. स्थानिक क्लबने या जाणत्यांना मार्गदर्शक म्हणून सोबत घेतले, तर दोघांचाही लाभ होईल.

दुर्घटनांनी शिकवलेले

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि १५ जणांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर फेरी बोटींवरील प्रवाशांना जीवरक्षक जॅकेट घालणे सक्तीचे करण्यात आले. छोट्या शिडाच्या नौकेत तर हा नियम अपघाताची वाट न पाहता पाळायचा असतो, कारण तेथे नौका उलटणे हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. उलटलेली नौका सहसा बुडत नाही. पोहत किनारा गाठण्याच्या मोहात पडलेला माणूस मात्र बुडू शकतो. म्हणून ‘नौका सोडू नका’ हा पहिला धडा.

निष्णात माणसालाही मदतीची गरज पडते. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात टॉमी यांच्या नौकेची डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. संकटसूचक यंत्रणा व संदेशयंत्रामुळे त्यांचा ठावठिकाणा कळला आणि तिसऱ्या दिवशी फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले.

मुंबई बंदरात धोका मोठ्या जहाजांचाही आहे. यांत्रिक नौकेने शिडाच्या नौकेला वाट द्यावी, हा आंतरराष्ट्रीय नियम सर्वांना पाठ असतो. पण अरुंद जलमार्गात शिडाच्या नौकेने मोठ्या जहाजाची वाट अडवू नये, हेही त्याच नियमावलीत आहे. न्हावा-शेवाकडे जाणारे कंटेनर जहाज क्षणात थांबू वा वळू शकत नाही. दोन शिडाच्या नौका समोरासमोर आल्या, तर जिला डाव्या बाजूने वारा लागतो तिने बाजूला व्हायचे असते.

क्लब निवडताना

या सर्व गोष्टी एकट्याने सांभाळणे अवघड आहे. चांगला क्लब नौका भाड्याने देतो, लहान मुलांना जेमतेम सव्वादोन मीटर लांबीच्या ‘ऑप्टिमिस्ट’वर, तर मोठ्यांना ‘लेझर’ वा दोघांच्या ‘एंटरप्राइझ’ नौकेवर शिकवतो आणि मुख्य म्हणजे पाण्यात कोण आहे याचा हिशेब ठेवतो. प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी पुढील गोष्टी अवश्य तपासाव्यात :

• सरावाच्या वेळी इंजिनाची बचाव बोट पाण्यात तयार असते का?
• जाणाऱ्या-येणाऱ्यांची नोंदवही असते का आणि संध्याकाळी ती पडताळली जाते का?
• जॅकेट मुलाच्या वजनानुसार दिले जाते का?
• त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा व हवामानाचा अंदाज फलकावर लावला जातो का?
• प्रशिक्षकाकडे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र आहे का?
• तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक सर्वांना ठाऊक आहेत का?

जून ते सप्टेंबर या काळात खवळलेल्या समुद्रामुळे हौशी शिडे उतरवलेली असतात. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू शांत होतो आणि ऑक्टोबरपासून मेपर्यंत हंगाम रंगतो. पनवेल-नवी मुंबईच्या वाढत्या लोकवस्तीला हा हंगाम आपल्याच किनाऱ्यावर अनुभवायचा असेल, तर जेट्टी बांधून भागणार नाही. बचाव बोट, प्रशिक्षक आणि नोंदवही घेऊन उभा राहणारा क्लब त्या जेट्टीवर असायला हवा.